अकरा दिवस कमी

कर्वेनगरातल्या त्या ज्युनियर कॉलेजात बारावी सायन्सच्या पटावर ऐंशी मुलं होती आणि वर्गात रोज एकोणीस येत. बाकीची एकसष्ट कुठे असतात हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ती दोन चौक पलीकडे, एका कोचिंग क्लासच्या थंडगार खोलीत, सकाळी सातपासून प्रवेशपरीक्षांचे प्रश्न सोडवत बसलेली असत. क्लासला बोर्डाचा फॉर्म भरता येत नाही आणि कॉलेजला मुलं मिळत नाहीत, म्हणून दोघांनी आपसात लग्न लावून टाकलं होतं. या संसाराला 'इंटिग्रेटेड' असं भारदस्त नाव होतं. ही मुलं प्रात्यक्षिकांपुरती कॉलेजात उगवत, जर्नलवर सही घेत, कॅन्टीनचा वडापाव खात आणि पुन्हा अंतर्धान पावत.

बारावी पास व्हायला काय काय लागतं, असं कुणी विचारलं तर लोक मार्कांचं सांगतात. लेखीचे सत्तर, प्रात्यक्षिकाचे तीस, दोन्ही मिळून पस्तीस आले की विषय सुटला, भाषेची तोंडी, पर्यावरणाचा प्रकल्प, जो बहुतेक घरांत आईच करते. पण या सगळ्याच्या आधी, अगदी उंबऱ्यावरच, पंचाहत्तर टक्के हजेरी उभी असते. ती नसेल तर तुम्ही किती हुशार आहात हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. हॉल तिकीटच येत नाही.

ही हजेरी प्रियदर्शनी वानखडे लावत असे. ती मूळची पुसदची. रसायनशास्त्रात एमेस्सी करून पुण्यात आली त्याला आठ वर्षं झाली होती आणि या कॉलेजात सहा. सहा वर्षांत तिला सहा नेमणूकपत्रं मिळाली होती, कारण तिची नोकरी दर एप्रिलमध्ये संपायची आणि दर जूनमध्ये प्राचार्यांची मर्जी असली तर पुन्हा सुरू व्हायची. बारावी सायन्सची वर्गशिक्षिका होणं हा मान समजला जाई. तो मान तिला मिळाला होता, याचं कारण बाकी कुणाला तो नको होता.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी सगळे घरी गेले की, ती स्टाफरूममध्ये कॅटलॉग उघडून बसे. हजेरीपत्रकाला तिथे सगळे कॅटलॉगच म्हणत. एकसष्ट ओळी, निळ्या शाईत पी, पी, पी. पण नुसतेच पी दिसले तर बघणारा म्हणेल ही मुलं आहेत की पुतळे, म्हणून मधूनमधून लाल शाईचा ए टाकायचा. यात तिचा हात चांगला बसला होता. ऑगस्टमध्ये दोघांना डेंग्यू, दिवाळीच्या तोंडावर चारपाच जण गावी, डिसेंबरात सर्दीखोकला. ज्यांचे चेहरे तिने वर्षातून जेमतेम सहा वेळा पाहिलेले, त्यांची दुखणीखुपणी ती इतक्या कळकळीने ठरवायची की त्यांच्या आयांनी तोंडात बोट घालावं. बेरीज एक्याऐंशी ते चौऱ्याण्णव टक्क्यांच्या मध्ये आली की पान झालं. मग प्राचार्य खाली सही करत.

हे तिला आवडत होतं असं मुळीच नाही. पहिल्या वर्षी तिला रडू आलं होतं. दुसऱ्या वर्षी नुसतं डोकं दुखलं. तिसऱ्या वर्षापासून ती हे काम करताना भाजलेले शेंगदाणे खाऊ लागली.

पण माणसाला स्वतःच्या नजरेत उभं राहायला थोडी तरी जागा लागतेच. तिने ती त्या एकोणीस ओळींत काढली होती. रोज पहिल्या तासाला ती एकेकाचं नाव घेऊन हजेरी घ्यायची, मान वर करून चेहरा बघायची आणि जे असेल ते लिहायची. आला तर पी, नाही आला तर ए, दहा मिनिटं उशीर झाला तरी तिच्या भुवया वर. फिजिक्सचे रणजित सर तिला कितीदा म्हणाले होते, की हा डबल उद्योग कशाला, त्यांचंही एकदम शेवटी भरून टाकत जा. त्यावर ती म्हणायची, निदान एवढं तरी खरं असू दे. खरेपणाची ही हौस तिला कधी महागात पडली नाही. ती पडायची होती दुसऱ्याच कुणाला.

माहेनूर तांबोळी ही त्या एकोणिसांतली. कात्रजहून दोन बस बदलून यायची. तिचे वडील अकबरभाई रिक्षांचे हूड आणि सीटची कव्हरं शिवत. कात्रजच्या बसडेपोजवळ त्यांचं छोटं दुकान होतं आणि दोन पिढ्यांचे रिक्षावाले त्यांच्याकडेच येत. मुलगी काही फार चमकणारी नव्हती, पण न समजलेलं समजल्यासारखं दाखवायची नाही. हात वर करायची, पुन्हा विचारायची, मग वहीत खाली मान घालून लिहायची. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि त्यासाठी बारावी सायन्स, त्यातही बायॉलॉजी, सुटणं भाग होतं. यात तिला कसलाही संशय नव्हता.

गणपती बसले त्याच आठवड्यात तिची आई, अमिनाबी, मणक्याच्या ऑपरेशनला गेली. ऑपरेशन ठीक झालं, पण बाई आडवी ती आडवीच राहिली. कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, बेडपॅन द्यायचं, हे सगळं करायला घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. माहेनूरने पहिल्याच दिवशी फोन करून सांगितलं, की मॅम, आता काही दिवस कॉलेज बुडणार, काही अडचण तर येणार नाही ना.

"आईकडे बघ तू," प्रियदर्शनी म्हणाली. "हजेरीचं बघू आपण."

तिने हे उगाच तोंडदेखलं म्हटलं नव्हतं. रीतसर मार्ग होता आणि तो तिला माहीत होता. खरं कारण असेल, कागद असतील आणि प्राचार्यांनी शिफारस केली, तर कमी हजेरी माफ करावी असा प्रस्ताव बोर्डाकडे पाठवता येतो. चार वर्षांपूर्वी एका कावीळ झालेल्या मुलाचा तिने स्वतः पाठवला होता आणि तो मंजूरही झाला होता. म्हणून तिने माहेनूरकडून अर्ज लिहून घेतला, दवाखान्याची कागदपत्रं मागवली, ऑफिसात त्यावर शिक्का आणि आवक क्रमांक पाडून घेतला. मग शांत मनाने, रोजच्या रोज, माहेनूरच्या ओळीत लाल ए लिहीत गेली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत असे एकेचाळीस झाले.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, एकसष्ट ओळी भरून झाल्यावर, तिची नजर त्या लाल रांगेवर गेली होती. क्षणभर वाटलंही, की पुढच्या महिन्यात हिचेही असेच भरून टाकावे. पण लगेच तिला स्वतःचा राग आला. हिचं सगळं खरं आहे, हिला खोट्याची काय गरज? हिचं काम राजमार्गाने होईल. असा विचार करून तिने पेनाला टोपण लावलं होतं आणि त्या दिवशी घरी जाताना तिला फार बरं वाटलं होतं.

सुट्टीनंतर माहेनूर आली ती रोज येऊ लागली. आईला व्यायामासाठी न्यायच्या दिवशीच तेवढी गैरहजर, असे आणखी सात. राहिलेल्या प्रात्यक्षिकांची जर्नलं तिने पंधरा दिवसांत पूर्ण केली. दवाखान्यातल्या सिस्टरांनी तिला सलाईन काढायला शिकवलं होतं, ते तिने प्रियदर्शनीला एकदा प्रयोगशाळेत टायट्रेशन करता करता सांगितलं. सांगताना ती इतकी खुश होती की ब्युरेटचा नळ बंद करायचा राहून गेला.

जानेवारीत पंधरा तारखेपर्यंतच्या हजेरीची बेरीज झाली. दीडशे दिवस कॉलेज भरलं. माहेनूर एकशे दोन दिवस हजर. लागत होते एकशे तेरा. अकरा दिवस कमी. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली असलेल्यांची यादी बोर्डाला जायची होती आणि ऐंशी मुलांत तसं नाव एकच होतं. प्रियदर्शनीने प्रस्ताव तयार केला. अर्ज, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, सगळं टाचणी लावून नीट. अशी फाईल बोर्डाने बघत राहावी, असं मनात म्हणून ती प्राचार्यांकडे गेली.

प्राचार्य दिग्विजय पायगुडे यांचा आवाज कधी चढत नसे. चढवायची गरजच पडत नसे. त्यांनी फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, मिटली आणि टेबलाच्या कडेला सरकवून ठेवली. मग म्हणाले, हा प्रस्ताव यंदा राहू द्या.

प्रियदर्शनीला वाटलं एखादा कागद कमी असेल. ती सांगू लागली, की सगळे आहेत, आवक क्रमांकासकट आहेत. ते मान डोलावत राहिले. मग त्यांनी सांगितलं, की गेल्या वर्षी आपण कमी हजेरीची यादी कोरी पाठवली होती आणि त्यावर बोर्डातून फोन आला होता, तुमच्याकडे कुणी आजारीच पडत नाही का म्हणून. यंदा अशा कॉलेजांना अचानक भेटी देणार आहेत, अशी बोलवा होती. कोरी यादी पुन्हा गेली तर सगळ्यात आधी आपल्याच दारात गाडी उभी राहील.

"एक नाव गेलं की यादी खरी वाटते," ते म्हणाले. "शिफारस केली की हेही नाव सुटणार. मग पुन्हा कोरी."

"मग त्या एकसष्टांतलं एखादं घाला, सर."

"कुणाचं घालू? बोट ठेवा. ज्याच्यावर ठेवाल त्याचा बाप उद्या सकाळी वकील घेऊन इथे बसेल. हा अकबर काय घेऊन येणार आहे? सुई-दोरा?"

ती म्हणाली, की ती मुलगी रोज येते.

"म्हणूनच तर. तिची कमी हजेरी अस्सल आहे, कुणी खोट काढू शकत नाही. आणि ती मी लावलेली नाही, मॅडम, तुम्ही लावलीत. महिन्याला एकसष्ट पोरं सांभाळता तुम्ही. बासष्टावी जड झाली?"

यादीखाली वर्गशिक्षिका म्हणून 'नोंदी तपासल्या, बरोबर आहेत' असं लिहून तिने सही करायची होती. तिने एक दिवस मागितला. उद्या चारपर्यंत, असं त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं. आणि ती दारापर्यंत पोचल्यावर, सहज आठवल्यासारखं, यंदा जूनच्या नेमणुका मार्चमध्येच ठरवून टाकाव्यात असं त्यांच्या मनात आहे, हेही सांगितलं.

स्टाफरूममध्ये येऊन तिने कॅटलॉग उघडला. एकसष्ट मुलं, दीडशे दिवस. आजारपणं वजा केली तरी आठ हजारांच्या आसपास खोटे पी तिने या एका वर्षात आपल्या हाताने लिहिले होते. आणखी अकरा लिहिले असते तर कुणाचं काय जाणार होतं? ऑफिसातले कचरूभाऊ काही कागद द्यायला आले, त्यांनी तिच्या बोटाखालची लाल रांग पाहिली आणि न विचारताच सांगितलं, की ब्लेडने खरवडलं तर पान फाटतं आणि पांढरा रंग लावला तर आंधळ्यालाही दिसतं. शिवाय महिन्याच्या बेरजांवर साहेबांच्या सह्या आहेत. "तवाच कोरं ठिवायचं होतं, मॅडम," ते हळहळून म्हणाले. हे तिलाही कळत होतं. आपल्या शुद्ध चारित्र्याचा तिला त्या घटकेला मनापासून वीट आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रजा टाकली आणि फाईलच्या झेरॉक्स प्रती घेऊन ती शिवाजीनगरला बोर्डाच्या विभागीय कार्यालयात गेली. तिथे आनंदी कुलथे नावाच्या अधीक्षक बाईंपर्यंत पोचायला दीड तास लागला. बाई निवृत्तीला आलेल्या, गळ्यात साखळीचा चष्मा. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले. कागद चांगले आहेत, म्हणाल्या. कारणही खरं दिसतंय. पण प्राचार्यांच्या शिफारशीशिवाय प्रस्ताव आपण दाखल करून घेऊ शकत नाही.

प्रियदर्शनी उठली नाही. बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. कॉलेजचं नाव पुन्हा वाचलं.

"एक मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "वर्गशिक्षिका म्हणून तुम्ही लेखी द्या, की कॅटलॉगमधल्या नोंदींविषयी तुमचीच तक्रार आहे. मग आम्ही कॅटलॉग मागवून घेतो आणि या मुलीचाही निर्णय इथेच करतो. मात्र तपासणी एका मुलीच्या ओळीची होणार नाही. सगळा कॅटलॉग तपासला जाईल."

आणि त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला, वर आपलं पेन ठेवलं. घाई काही नाही असं सांगून त्या दुसऱ्या फायलीत डोकं घालून बसल्या.

प्रियदर्शनीने पेन उचललं. तारीख लिहिली. 'प्रति' लिहिलं. मग तिच्या डोळ्यांपुढे ती एकसष्ट मुलं आली, ज्यांना या उद्योगातलं काही विचारून कुणी केलं नव्हतं. वर्षभर पहाटे उठून ढोरासारखी अभ्यास करणारी, महिन्यावर परीक्षा आलेली. या कागदाने त्यांची हॉल तिकिटं अडकली असती. पहिला विचार त्यांचाच आला, असं तिने पुढे स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. ते खोटं होतं. पहिला विचार जूनच्या नेमणुकीचा आला, दुसरा हा, की ते आठ हजार पी ज्या अक्षरात आहेत ते अक्षर आपलं आहे. मुलं तिसरी आली. पण ती आली तेव्हा तिला हायसं वाटलं, कारण त्यांच्या आड उभं राहता येत होतं.

"लिहिताय ना?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"नोंदी बरोबर आहेत," प्रियदर्शनी म्हणाली.

बाईंनी पेन परत घेतलं आणि टोपण लावलं. मग माझ्या हातात काही नाही, एवढंच त्या म्हणाल्या. तारीख आणि 'प्रति' लिहिलेला कागद प्रियदर्शनीने घडी करून पर्समध्ये ठेवला. तो तिथे टाकून यायचीही तिला लाज वाटली.

चार वाजता तिने यादीवर सही केली. पायगुडे सरांचा जीव भांड्यात पडला असावा, कारण त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. मी काही राक्षस नाही, असं ते म्हणाले. त्या मुलीचा त्यांनीही विचार केला होता. पुढच्या वर्षी तिने पुन्हा प्रवेश घ्यावा, फॉर्म ते स्वतः बघतील, आणि तिचं नाव इंटिग्रेटेडच्या ओळींत टाकावं. क्लासला जायची गरज नाही. कॉलेजलाही यायला नको. घरी बसून आईकडे बघावं, अभ्यास करावा, प्रात्यक्षिकांना तोंड दाखवावं आणि फेब्रुवारीत परीक्षेला बसावं. हजेरीची तिने काळजीच करू नये.

प्रियदर्शनीने चहा पिऊन टाकला आणि थँक्यू सर म्हटलं. तो शब्द आपल्या तोंडातून कसा निघाला याचं तिला जिन्यात आल्यावर आश्चर्य वाटलं, आणि मग स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी तिने बापलेकीला बोलावून घेतलं. प्रयोगशाळा रिकामी होती, तिथेच ती तिघं बसली. अकबरभाईंनी दवाखान्याची मूळ फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती, लागली तर असावी म्हणून. प्रियदर्शनीने आडवळण न घेता सांगून टाकलं, की हजेरी अकरा दिवसांनी कमी पडली, नाव यादीत गेलं, यंदा हॉल तिकीट येणार नाही.

माहेनूरचा चेहरा पडला. अकबरभाई पिशवीतून फाईल काढायला लागले.

"आमची सही कुठं राहिली का, मॅडम? आत्ता करतो."

राहिली नव्हती. कागद सगळे बरोबर होते, ती म्हणाली, तुमचं काही चुकलेलं नाही. मग कुणाचं चुकलं, असं त्यांनी विचारलं असतं तर तिला बोलावं लागलं असतं. त्यांनी विचारलं नाही. वरच्या लोकांपुढे आपलं काय चालणार, अशा सवयीच्या समजुतीने त्यांनी फाईल पुन्हा पिशवीत घातली, आणि त्यांच्या त्या मुकाट्याने घालण्याने तिचा जीव कासावीस झाला. म्हणून ती घाईघाईने पुढच्या वर्षाचं बोलू लागली. पुन्हा प्रवेश घ्या, मी स्वतः सगळं बघते, यायचीही गरज नाही, आई घरी आहे तर ते एक बरंच होईल. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की आपण हे अगदी पायगुडे सरांच्या सुरात सांगतो आहोत.

अकबरभाईंच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. वर्ष तर गेलं, पण पुढचं सोपं झालं. पोरीची दोन-दोन बसची दगदग वाचेल, तिच्या अम्मीलाही सोबत होईल. "सरांची मेहेरबानी झाली," असं म्हणून त्यांनी हात जोडले. त्यांचा अंगठा सुईने टोचून टोचून काळा पडलेला होता. प्रियदर्शनीने नजर दुसरीकडे वळवली.

माहेनूर मनाशी काहीतरी जुळवून बघत असावी. वर्गात हात वर करायच्या आधी ती अशीच दिसायची.

"मॅम, मी पुढच्या वर्षी आले नाही तरी माझी हजेरी लागणार?"

"हो."

"क्लासची मुलं येत नाहीत, त्यांची क्लासमधून येत असेल असं वाटायचं मला. मग कोण लावतं?"

"मी लावते."

अकबरभाईंनी एकदा मुलीकडे आणि एकदा मॅडमकडे पाहिलं. त्यांना यातलं काही कळलं नव्हतं, फक्त हवा बदललेली कळली होती. माहेनूरचा आवाज चढला नाही. न समजलेली पायरी पुन्हा विचारावी तसं तिने विचारलं,

"मग माझीच यंदा का नाही लावलीत?"

फळ्यावर कालच्या बॅचचं समीकरण तसंच अर्धवट राहिलेलं होतं. खोटं सांगायला प्रियदर्शनीला खूप काही सुचलं असतं. सहा वर्षांची सवय होती. पण त्या मुलीने प्रश्न विचारला होता आणि उत्तर येईपर्यंत ती मान खाली घालणार नव्हती.

"कारण तू येत होतीस," प्रियदर्शनी म्हणाली.